मोडीतले यंत्र आणि उघडी फाइल

नाशिक रोड हे गाव कागदावरील विश्वासावर उभे आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. सिक्युरिटी प्रेस आणि नोट प्रेस या दोन कारखान्यांतील कामगारांच्या पिढ्यांनी टपाल तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे आणि नोटा छापल्या. खोटे करणारा सतत शिकत असतो, म्हणून खऱ्यालाही सतत बदलावे लागते, हा या धंद्याचा पहिला नियम होय. महात्मा गांधी मालिकेच्या नोटा १९९६ साली आल्या. २००५ साली त्यांत सुरक्षेची नवी चिन्हे घालण्यात आली. आणि २०१४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने २००५ पूर्वीच्या नोटा परत घेण्याचे जाहीर केले, कारण त्यांत ही चिन्हे कमी होती. जुनी नोट आणून देणाऱ्यास पूर्ण किमतीची नवी नोट मिळाली. बदलाचा खर्च समाजाने उचलला, नोट बाळगणाऱ्याने नव्हे.

या नियमाचा विसर पडला की काय होते, हेही याच गावाने पाहिले. अब्दुल करीम तेलगी याने सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली छपाईची यंत्रे मिळवली आणि बनावट मुद्रांकांचा देशव्यापी धंदा उभारला. २००१ साली त्याला अटक झाली व पुढे दीर्घ कारावासाची शिक्षाही झाली. जी वस्तू धन्याच्या लेखी कालबाह्य झाली होती, तीच चोराच्या लेखी भांडवल ठरली.

आज दस्तऐवज कागदावरून पडद्यावर गेला आहे. सातबारा, वेतनचिठ्ठी, न्यायालयाचा आदेश, संघटनेचे परिपत्रक हे सारे आता फाइलच्या रूपाने येते. फाइल म्हणजे निर्जीव कागदच, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. पीडीएफ किंवा वर्डची फाइल दाखवणारा प्रोग्राम तिच्यातील अक्षरे, चित्रे व तक्ते यांचा अर्थ लावून पान उभे करीत असतो. फाइलमध्ये लांबीचा आकडा खोटा घातला आणि प्रोग्रामने तो तपासला नाही, तर मजकूर त्याच्यासाठी राखलेल्या जागेबाहेर सांडतो आणि संगणक त्या मजकुरालाच आज्ञा समजून पाळू लागतो. वाचणाऱ्याला समोर केवळ एक निवेदन दिसते. आत मात्र परका मनुष्य येऊन बसलेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी बचाव पक्षाच्या वतीने आर्सेनल या अमेरिकन संस्थेने केली. जून २०१६ मध्ये ईमेलने आलेल्या एका फाइलमधून त्या संगणकात नेटवायर हा हेर प्रोग्राम शिरला आणि पुढे पुरावा म्हणून दाखवलेली पत्रे बाहेरून तेथे ठेवण्यात आली, असा निष्कर्ष तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. त्याचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु पुढील गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनी भारतातील कार्यकर्ते, वकील व अभ्यासक यांच्यावर निदान २०१२ पासून पाळत ठेवणाऱ्या टोळीचा तपशील प्रसिद्ध केला. या टोळीने पाठवलेल्या फाइलींनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधील २०१२ ते २०१५ या काळातल्या ज्ञात उणिवांचा लाभ घेतला होता. त्या उणिवांवरील दुरुस्त्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या होत्या. कुलूप बदलण्याची सोय होती. दार जुन्याच कुलपावर राहिले.

दुरुस्ती प्रसिद्ध होते त्याच दिवशी उणीवही जगजाहीर होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. अद्ययावत केलेला संगणक त्या दिवसापासून अधिक सुरक्षित होतो आणि न केलेला अधिक असुरक्षित होतो. अद्ययावत करूनही सर्व भागत नाही, हे खरे. २०२१ साली पेगाससने आयफोनमधील पीडीएफ वाचणाऱ्या भागातील उणीव वापरली, तेव्हा तीवर दुरुस्तीच नव्हती. तथापि, असे हत्यार महाग असते. जुन्या उणिवा मात्र फुकट पडलेल्या असतात आणि त्या गरिबाच्याच दारी वापरल्या जातात.

येथेच हा प्रश्न यंत्रशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. अनेक जुने पण धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. वैयक्तिक ग्राहकाला आणखी वर्षभराच्या दुरुस्तीसाठी पैसे मोजण्याचा किंवा कंपनीच्या खात्याशी संगणक जोडून घेण्यासारख्या अटी पत्करण्याचा मार्ग ठेवण्यात आला. युनियनचे कार्यालय, पतसंस्था किंवा खेड्यातील शाळा यांनी कोठे जावे? नफा कंपनीकडे आणि धोका समाजाकडे, ही वाटणी नवी नाही. एका नादुरुस्त संगणकातून शेजारच्या शंभरांपर्यंत विष पोहोचते. म्हणून दुरुस्ती ही लसीकरणासारखी सार्वजनिक गरज होय, चैनीची वस्तू नव्हे.

युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्याने उत्पादकांवर साधारणतः किमान ५ वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे बंधन घातले आहे; त्याच्या प्रमुख तरतुदींसाठी २०२७ ही मुदत आहे. केरळने शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेऊन कंपनीवरचे परावलंबन कमी करता येते हे दाखवले. जे शासन नागरिकाला दाखला फाइलमध्येच घ्यावयास लावते, त्याने ती फाइल निर्धास्तपणे उघडता येईल याची हमीही घेतली पाहिजे. ही मागणी महाराष्ट्रात उठली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत स्वस्थ बसणे मात्र परवडणारे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या संगणकातील फाइल वाचणारा प्रोग्राम, ऑफिस आणि मूळ प्रणाली आपोआप अद्ययावत होतील अशी व्यवस्था करावी. चोरीच्या प्रती काढून टाकाव्यात. त्यांच्या दुरुस्तीची खात्री कोणीच देत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स व लिबरऑफिस विनामूल्य घालता येते. अनपेक्षित फाइल ओळखीच्या नावाने आली तरी पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय ती उघडू नये. सभासदांच्या याद्या आणि सहकाऱ्यांची पत्रे ज्या संगणकात आहेत, त्याची राखण हे कारकुनी काम नाही. ते संघटनेचेच काम आहे.