विश्लेषण : निळी रेषा, लाल रेषा आणि नदीकाठचा प्लॉट, घर बांधण्याआधी नियम काय सांगतो?

भोकर : २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. गोदावरीला पूर आला आणि नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पाणी ओसरले, पण एक प्रश्न उरला आहे. नदीकाठी घर बांधायला परवानगी असते का? असेल तर किती अंतरावर? हा प्रश्न फक्त नांदेडचा नाही. सुधा नदीच्या भोकर तालुक्यात किंवा मांजराकाठच्या लातूर जिल्ह्यात प्लॉट घेणाऱ्यालाही तो लागू आहे.

निळी आणि लाल रेषा म्हणजे काय?

या पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथपर्यंत पोहोचते ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. धरणाखालच्या भागात लाल रेषा ठरवताना सांडव्याच्या विसर्गाचाही विचार होतो.

इथे अनेकांचा गैरसमज होतो. ‘२५ वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा पूर आला की पुढची २४ वर्षे निवांत, असे नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते. गृहकर्ज २० वर्षांचे धरा. निळ्या रेषेच्या आतल्या घरात त्या काळात किमान एकदा पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेच्या काठावरच्या घरासाठीही ती १८ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे हप्ते फिटण्याआधी पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त.

सध्याचा नियम काय?

डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ (यूडीसीपीआर) लागू आहे. मुंबईसारखे काही भाग तिच्यातून वगळले आहेत. नगरपरिषदांची शहरे तिच्यात येतात. तिच्यातील मुख्य तरतुदी अशा :

• नदी ते निळी रेषा : निषिद्ध क्षेत्र. बाग, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असे वापर चालतात. नवीन घर नाही.

• निळी ते लाल रेषा : निर्बंधित क्षेत्र. बांधकाम करता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट उंचीवर.

• निळ्या रेषेतील जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास : त्याच उंचीची अट आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला.

• प्लॉटचा काही भाग पूररेषेत असेल तर त्या भागाचा एफएसआय उरलेल्या जमिनीवर वापरता येऊ शकतो.

मग अडचण कुठे आहे?

नियम कागदावर पुरेसा स्पष्ट आहे. पण तो चालतो रेषेच्या आधारावर. ज्या नदीची पूररेषा आखलेली नाही किंवा नकाशावर दाखवलेली नाही, तिथे हाताशी उरते ती अंतराची अट : नदीच्या पाण्याच्या काठापासून १५ मीटर आणि नाल्यापासून ६ मीटर. १५ मीटर म्हणजे जेमतेम ५० फूट. सपाट काठावर पुराचे पाणी शेतांमधून त्याच्या कितीतरी पुढे पसरते. अशा ठिकाणचे बांधकाम नियमात बसेल, पण पाण्यात जाईल.

नांदेडचे गणित आणखी अवघड आहे. शहराच्या वरच्या बाजूला विष्णुपुरी प्रकल्प आणि त्याच्याही वर जायकवाडी. खालच्या बाजूला तेलंगणातील पोचमपाड, म्हणजेच श्रीराम सागर. वरून विसर्ग वाढतो तेव्हाच खालचे धरण भरलेले असेल, तर पाण्याचा निचरा मंदावतो. त्यात आसना नदीही शहराजवळच गोदावरीला मिळते. म्हणून येथील पूररेषा केवळ शहरातल्या पावसावर ठरवून भागत नाही.

चूक झाली तर भुर्दंड कोणाला?

पिंपरी-चिंचवडमधील चिखलीचे उदाहरण ताजे आहे. इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले मे २०२५ मध्ये महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही. आयुष्याची कमाई घातलेल्या कुटुंबांसमोर ढिगारा उरला.

दुसरी बाजूही आहे. ज्या शेतकऱ्याची सगळीच जमीन निळ्या रेषेत येते, त्याला ‘उरलेल्या जमिनीवर एफएसआय’ या सवलतीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी रेषा म्हणजे जमिनीचा भाव पडणे. अनेक वर्षांपासून काठावर राहणाऱ्या गरीब वस्त्यांनाही नुसती नोटीस देऊन प्रश्न सुटत नाही. रेषा आखण्याला विरोध होतो तो यामुळे. मोबदला आणि पुनर्वसन यांचे उत्तर सोबत दिले नाही, तर रेषा नकाशावर येणे लांबतच राहील.

नियमात काय सुधारायला हवे?

पहिले, मोठ्या नद्यांबरोबर तालुक्याच्या गावांजवळून वाहणाऱ्या लहान नद्यांच्या रेषाही आखाव्यात. दुसरे, त्या गट क्रमांकासह विकास आराखड्यावर आणि मोबाइलवर पाहता येतील अशा नकाशात दाखवाव्यात. तिसरे, अलीकडच्या पुरांची पातळी धरून रेषांचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा. रेषा दिसली, तर निम्मे वाद व्यवहाराआधीच मिटतील.

प्लॉट घेण्याआधी काय तपासाल?

• नगरपरिषद किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या. पूररेषेबद्दल लेखी विचारा.

• जमीन एनए आहे म्हणजे ती पूररेषेबाहेर आहे, असे समजू नका. तुकडा नियमित होणे आणि बांधकाम परवानगी मिळणे, याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

• लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेरा नोंदणी पाहा.

• जवळच्या जुन्या रहिवाशांना मोठ्या पुरात पाणी कुठवर आले होते ते विचारा. मंदिराच्या पायऱ्या, पुलाचा कठडा, शाळेची भिंत अशा खुणा मागा.

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नदीकाठी जमीन किंवा घर असलेल्यांनी ते ३० दिवस वाया घालवू नयेत. नकाशावर रेषा नसेल तर ती का नाही, हे विचारण्याची हीच वेळ असते.