लावण्याआधी खणून पाहा



सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. या भागातली माळाची जमीन वरून बरी दिसते. पण कित्येक ठिकाणी दोन वीत खणले की कुदळ खणकन वाजते. खाली चुनखडीचा पांढरा, कठीण थर. खडकाच्या झिजेतून सुटलेला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो. पाऊस तोकडा, म्हणून तो वाहून न जाता तिथेच घट्ट बसतो.

अशा जमिनीत मुळे खोल जात नाहीत. उघडीप पडली की पीक माना टाकते. झड लागली की मुळाशी पाणी तुंबते. शिवाय चुन्यामुळे जमिनीतले लोह पिकाला लागू होत नाही. भुईमुगाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हाच तो केवडा. युरिया टाकून तो हटत नाही, पैसा मात्र जातो. जिप्समही नको, ते चोपण जमिनीचे औषध. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवून फवारावे आणि दरसाल शेणखत घालावे.

खोल नांगरून पांढरी माती वर आणू नका. डाळिंब लावण्याआधी तीन फूट खड्डा घ्या, माती तपासून आणा. चुना 10 टक्क्यांवर निघाला तर हट्ट सोडा. बोर, सीताफळ लावा.

खड्ड्यापायी अर्धा दिवस जातो. चुकलेल्या बागेपायी घरातले सोने जाते.