पडद्याचे पैसे

आमच्या हडपसरच्या गाडीतळाजवळची जुनी परमिट रूम परवा नटूनथटून पुन्हा उघडली. 1949 च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना घ्यायला लावला, लोकलाजेने पडदा लावला. पण तो पडदा फुकट होता, आणि त्याच्याआड मंडईतला हमाल नि आमच्या बँकेचे मॅनेजर एकाच बाकावर बसत. आता त्याच पडद्याला ‘प्रायव्हेट डायनिंग’ म्हणतात आणि किमान 20 ताटांचे पैसे आगाऊ मागतात! साहेबांचा निरोपसमारंभ तिथेच झाला. तेच चेहरे, तोच महागाईभत्ता. म्हणजे ऑफिसच, फक्त पनीर जास्त. वर्गणी परवडेना म्हणून शिपाई तेवढा आला नाही. अहो, पूर्वी पडदा लाज झाकायचा. आता पडदा आहे. लाज तेवढी नूतनीकरणात गेली!