कृत्रिम बर्फावरचा नाताळ

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात नाताळची चाहूल ५ डिसेंबरलाच लागते. शिंगे व मुखवटा ल्यालेला ‘क्राम्पुस’ खोडकर मुलांना धाक दाखवत हिंडतो. भेटवस्तू ‘क्रिस्टकिंड’, म्हणजे बाळ येशू, २४ तारखेच्या संध्याकाळी आणतो. स्कीइंगला आलेल्या ब्रिटिशांची मुले मात्र २५ च्या सकाळची वाट पाहतात. एकाच हॉटेलात या प्रथा सुखाने नांदतात, कारण सर्वांना तेथे आणतो तो बर्फ. तोच आता बेभरवशाचा झाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये शेजारच्या स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेनची विश्वचषक शर्यत हिरव्या डोंगरउतारावरील कृत्रिम बर्फाच्या पट्ट्यावर खेळवावी लागली. हा बर्फ पाडणाऱ्या यंत्रांनाही कडाक्याची थंडी लागतेच. टिरोलमधील किट्झब्यूएल तर जेमतेम ७६० मीटर उंचीवर वसले आहे. यंत्रांवरील खर्च वाढवूनही तेथील डिसेंबर कितपत तगेल, ही शंका रास्तच होय.