गोकुळाचे लोणी आणि मथुरेचा बाजार

म्हैसूरचे गोकुलम हे उपनगर योगासनांच्या वर्गांमुळे देशोदेशी माहीत झाले. तेथून जवळच, हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत, इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून घरी धाडण्यात आले. यावरून संगणकाच्या क्षेत्रात माणसे फार आणि काम थोडे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. काम डोंगराएवढे पडून आहे. नफ्याच्या हिशेबात मात्र त्याला जागा नाही. लिनक्स या संगणक प्रणालीच्या मोफत अपडेटांचा प्रश्न नेमके हेच दाखवून देतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. धडधाकट यंत्रे भंगारात जाऊ नयेत म्हणून शाळा, ग्रंथालये व कामगार संघटनांच्या कचेऱ्यांपुढे लिनक्सचा मार्ग खुला आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा रचला, आणि पुढे हजारोंच्या श्रमांतून ही प्रणाली उभी राहिली. ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी, हीच तिच्या परवान्याची अट. परंतु सॉफ्टवेअर म्हणजे एकदा बांधून विसरून जावे असे घर नव्हे. त्यात नित्य नवी भगदाडे सापडतात व ती बुजवावी लागतात. म्हणूनच दुरुस्ती ज्याच्या हाती, खरी मालकी त्याच्या हाती.

मक्तेदार भांडवलाने हे मर्म अचूक ओळखले आहे. २०१९ साली आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट ही लिनक्स कंपनी विकत घेतली. सेंटओएस ८ या मोफत आवृत्तीची अपडेट २०२९ पर्यंत मिळतील, अशी ग्वाही होती. डिसेंबर २०२० मध्ये ती मोडून २०२१ ची अखेर हीच मुदत जाहीर झाली. जून २०२३ मध्ये कंपनीने आपल्या मुख्य आवृत्तीचा मूळ स्रोत ग्राहकांपुरता मर्यादित केला. ग्राहकाने तो वाटला, तर कंपनी त्याचे वर्गणीचे नाते तोडू शकते. परवान्याचे अक्षर शाबूत, आत्मा गहाण! कॅनॉनिकल कंपनी उबुंटूच्या मुख्य भागाची अपडेट पाच वर्षे सर्वांना देते. विस्तारित संरक्षण मात्र पाच यंत्रांपर्यंत मोफत, सहाव्यापासून दाम.

यावर विचारले जाते, दुरुस्ती करणाऱ्यांना वेतन नको काय? अवश्य हवे! फुकट अपडेट म्हणजे फुकट श्रम नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात दडवलेले चोरदार उघडकीस आले. एका थकलेल्या स्वयंसेवकाचा विश्वास संपादन करून ते बसवले गेले होते. ज्याच्यावर जगाचे व्यवहार टेकले, तो माणूस एकटा व बिनपगारी होता. तेव्हा प्रश्न वेतन द्यावे की नाही हा नाहीच. ते कोणी द्यावे आणि त्या बदल्यात मालकी कोणाची असावी, हा आहे.

गोकुलम या नावात गोकुळ आहे. गोकुळातील दूधलोणी मथुरेच्या बाजारी जात असे आणि ज्यांच्या घरी गाई, त्यांचीच पोरे ताकावर राहत, ही कथा महाराष्ट्राच्या गवळणींनी घरोघर पोचवली. आजच्या मथुरेचा माठ फोडायचा, तर नुसती तक्रार पुरेशी नाही. केंद्राने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने बॉस ही देशी लिनक्स आवृत्ती घडवली. केरळच्या काइट संस्थेने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली प्रणाली चालवून दाखवली. वाट ठाऊक आहे. हवा आहे तो सरकारी पैसा व कायम नोकऱ्या. अपडेटांचे सार्वजनिक साठे प्रत्येक राज्यात उभारा, दुरुस्तीसाठी पगारी अभियंते नेमा, कन्नड-मराठीत भाषांतर करणाऱ्यांना काम द्या. हेब्बाळहून परत धाडलेल्या तरुणांसाठी येथे जागा आहेत. श्रमिकांच्या सामाईक निर्मितीची राखण श्रमिकांच्याच पैशातून, श्रमिकांच्याच हाती असली पाहिजे!