अशोकमामांना विचारायचा प्रश्न

अशोक सराफांची कुठलीही मुलाखत लावा. पहिल्या वीस मिनिटांत तो प्रश्न येणार म्हणजे येणारच. "मामा, तुमच्यात आणि लक्ष्मीकांतमध्ये स्पर्धा होती का हो?" कधी निवेदक विचारतो, कधी प्रेक्षकांमधून माईक हाती लागलेला एखादा उत्साही प्राणी. मग हॉलमध्ये जरा खसखस पिकते, आणि मामा, जणू हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने उत्तर द्यायला लागतात. अभिनय म्हणतात तो हाच!

मला मामांच्या मुलाखती बघायचा नाद आहे. शनिवारी सकाळी पोहे आणि मामा असा बेत असतो. त्यामुळे बाकीचे प्रश्नही आता पाठ झालेत. 'मामा' नाव कसं पडलं? (कोल्हापूरला शूटिंग चालू असताना कॅमेरामनची लहान मुलगी सेटवर यायची, तिला सांगण्यात आलं की हे अशोकमामा. झालं! आधी युनिट आणि मग अख्खा महाराष्ट्र भाचा झाला.) बोटातली ती अंगठी कसली? (नटराजाची. १९७४ साली एका मेकअपमन मित्राकडून मिळालेली. लगेचच 'पांडू हवालदार' पदरात पडला, तेव्हापासून ती बोटातच.) सुनील गावसकर खरंच मित्र का? (खरंच. चिखलवाडीतला बालमित्र. लहानपणी एका नाटकात एक कृष्ण होता, एक बलराम.) या प्रश्नांबद्दल माझी काही तक्रार नाही. गोड प्रश्न आहेत, उत्तरंही गोड आहेत.

स्पर्धेचा प्रश्न मात्र मला दर वेळी खटकतो. कारण तो आपण आपल्या ऑफिसातून उचलून तिकडे नेलाय.

आता बघा, आमच्या आयटीत वर्षातून एकदा अप्रेझल नावाचा उत्सव असतो. टीममध्ये दहा जण आणि वरचं रेटिंग फार तर दोघांना, कारण बेल कर्व्ह! म्हणजे ज्याच्याबरोबर रोज टपरीवर कटिंग मारतो तो माणूस त्या महिन्यात आपोआप प्रतिस्पर्धी होतो. तसं तोंडाने कुणी म्हणत नाही. पण कोड रिव्ह्यूमध्ये एखादी कॉमेंट नेहमीपेक्षा तिखट पडते, क्लायंटसमोर डेमो कुणी द्यायचा यावरून तोंडं वाकडी होतात. मग एक जण ऑनसाइट जातो आणि दुसरा त्याला 'काँग्रॅट्स यार' पाठवतो. आठ-दहा वर्षं अशी काढली की आपली खात्रीच पटते, एका जागी दोन हुशार माणसं असली तर त्यातला एक हरणारच. आणि मग आपण मामांना गाठून विचारतो, की तुमच्यात कोण हरलं?

जरा हिशोब मांडू. (इंजिनियर माणूस, राहवत नाही.) मामांचा जन्म १९४७चा. लक्ष्मीकांत बेर्डे १९५४चे, सचिन १९५७चे. महेश कोठारेंचा 'धूमधडाका' १९८५ला आला तेव्हा 'पांडू हवालदार'ला दहा वर्षं होऊन गेली होती. मामा चांगलेच प्रस्थापित. लक्ष्मीकांत 'टुरटुर' नाटक गाजवून नुकते सिनेमात आलेले. म्हणजे आपल्या भाषेत, एक मुरलेला आर्किटेक्ट आणि एक भन्नाट वेगाने कोड पाडणारा नवा पोरगा एकाच प्रोजेक्टवर. अशा वेळी सीनियर काय काय उद्योग करू शकतो हे तुम्हाला मी काय सांगू! त्याची वाक्यं हळूच कापून घेणं, स्वतःचे क्लोजअप वाढवणं, 'पोरगा चांगला आहे, पण थोडा लाऊड जातो हां' असं दिग्दर्शकाच्या कानात सोडणं... हे झालं असतं तर पडद्यावर दिसलंच असतं. विनोदात ते लपत नाही.

दिसतं ते वेगळंच. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. सचिनचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन, मूळ बेत हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'चा. पुण्यात बॅचलर पोरांना भाड्याने घर मिळत नाही, या एवढ्याशा गोष्टीवर सगळा डोलारा. (आजही मिळत नाही. वाकडला जाऊन विचारून बघा.) चौघांमध्ये वयाने आणि नावाने मोठे मामा. त्यांच्या वाट्याला काय आलं? साडी नाही आली! साड्या नेसल्या सचिनने आणि लक्ष्मीकांतने, म्हणजे टाळीची हुकमी जागा दोघा धाकट्यांकडे गेली. धनंजय माने बिचारा पँट-शर्टात फिरतो आणि एक थाप झाकायला दुसरी थाप मारत राहतो. पण लक्ष देऊन बघा, प्रत्येक गोंधळाची दोरी त्याच्या हातात आहे. पार्वतीची 'बायको' म्हणून ओळख करून देताना त्याचं पुल्लिंग-स्त्रीलिंग गडबडतं. तो हशा कुणाचा? साडी लक्ष्मीकांतची, घसरलेली जीभ मामांची. साडी काढून घ्या, हशा गेला. जीभ सावरून घ्या, तरी गेला. गिटमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली ते एका कमांडमध्ये कळतं. हशावर ती कमांड चालवून दाखवा.

लक्ष्मीकांत अख्ख्या अंगाने बोलायचे. वेग, हातवारे, सगळा धबधबा. मामा त्यांच्यासमोर थांबायचे. म्हणजे खरोखर थांबायचे, नुसते डोळे फिरवत, समोरच्याचा हशा पूर्ण वाजू द्यायचे आणि मग तोंड उघडायचे. पाव सेकंद आधी उघडलं असतं तर समोरच्याचा लाफ्टर मेला असता आणि कुणाला कळलंही नसतं कुणी मारला. सेटवर ते संध्याकाळी एकत्र बसायचे की नाही याच्याशी मला फारसं घेणं नाही. माझ्या मते त्यांची मैत्री त्या पाव सेकंदात आहे. आणि ही त्यांची सवय एका माणसापुरती नव्हती. 'चौकट राजा' (१९९१) म्हटलं की आपल्याला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आठवतो, आणि तसाच आठवायला हवा. त्या नंदूला सांभाळून घेणारा गणा म्हणजे मामा. तो सिनेमा परत बघा, फक्त गणाकडे बघत.

नाना पाटेकरांनी जाहीर कार्यक्रमांत सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. 'हमीदाबाईची कोठी' नाटकात, विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली, दोघं एकत्र काम करायचे. नानांना तेव्हा पैशांची चणचण, मामांचं मानधन बरंच जास्त. मधल्या वेळात पत्ते पडायचे आणि मामा मुद्दाम हरायचे. म्हणजे पाच-दहा रुपये नानांच्या खिशात जायचे आणि दिल्या-घेतल्याचं ओझंही नाही. हरायची ही रीत कुठल्या लीडरशिप ट्रेनिंगमध्ये शिकवतात का? आमच्याकडे तरी नाही.

माझं गाव सायखेडा, तालुका निफाड, गोदावरीच्या काठी. (तालुक्याची थोडी बढाई मारून घेतो. व्यावसायिक रंगभूमीवर मामांची सुरुवात झाली ती 'ययाति आणि देवयानी'मधल्या विदूषकापासून, त्यांचे मामा गोपीनाथ सावकार यांच्यामुळे. ते नाटक शिरवाडकरांचं, आणि शिरवाडकरांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला गेलेलं. असो.) तर स्पर्धा आणि मैत्री एकाच वेळी कशी नांदते ते मी बघितलं ते गावात, कांद्याच्या लिलावात. पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्याकडे भरतो. ट्रॅक्टरची रांग लागते. पुढचा ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, मागचा आमचा. त्याच्या मालाला क्विंटलमागे शंभर रुपये जास्त पुकारले की आमच्या आण्णांचा चेहरा पडतो. दोन मिनिटं. मग चहा-भजी त्याच शेजाऱ्याच्या पैशाने, आणि वर 'तुझा कांदा चाळीत जास्त दिवस राहिला रे' असं फुकटचं विश्लेषण. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमची धान्याची पोती वर चढवायला सगळ्यात आधी आला तोही हाच. या दोघांना कुणी विचारलं, की तुमच्यात स्पर्धा आहे का, तर ते म्हणतील हो, आहे की. मग?

आण्णांना मी एकदा म्हटलं, अशोक सराफ समोर आले तर तुम्ही काय विचाराल? जराही विचार न करता म्हणाले, "ते दुपारी जेवायला संगं बसायचे का, तेवढं विचार." बाकीच्या मुलाखतकारांनी आण्णांकडे शिकवणी लावायला हरकत नाही.

स्पर्धेचा प्रश्न खटकण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते गमतीचं नाही. बनवाबनवीतले चौघे आठवा. त्यातला शंतनू, म्हणजे सिद्धार्थ रे, मार्च २००४मध्ये गेला. लक्ष्मीकांत १६ डिसेंबर २००४ला गेले, पन्नाशीत. घरमालक सरपोतदार झालेले सुधीर जोशी त्यानंतर वर्षभरात, डिसेंबर २००५मध्ये. 'तुमच्यात स्पर्धा होती का' हा प्रश्न आता ज्या दोघांना विचारायचा त्यातला एकच खुर्चीवर बसलेला असतो. दुसऱ्याच्या वतीने बोलायला कुणी नाही. अशा वेळी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हसत हसत गेलेल्या मित्राचं रेटिंग द्यायला लावणं मला बरं दिसत नाही. मामा सभ्य आहेत, सांभाळून घेतात. पण आपण का लावायचं? तो एक्झिट इंटरव्ह्यू आहे का!

आणि विचारण्यासारखं किती पडलंय. नाटक-सिनेमा चालू असताना स्टेट बँकेतली नोकरी कितीतरी वर्षं सांभाळली, ती नेमकी कशी? रजेचा अर्ज कसा लिहायचे, साहेबाला काय सांगायचे, सोडायची वेळ आली हे कुठल्या दिवशी कळलं? आमच्या पिढीतले निम्मे लोक बाजूला काहीतरी करतात, कुणी गिटार, कुणी ट्रेकिंग, कुणी नाटकाच्या एकांकिका. नोकरी सोडू की नको या प्रश्नावर त्यांच्या रात्री जातात. मामांकडे त्याचं खरं उत्तर आहे आणि आपण त्यांना अंगठीबद्दल विचारतो. किंवा हे विचारा, की दादा कोंडके हा त्या काळातला केवढा स्टार, आणि त्याच्याच 'पांडू हवालदार'मध्ये सखाराम हवालदार होऊन भाव खाऊन जायचा, तर त्याने तुम्हाला तेवढी जागा मोकळी कशी ठेवली? पुढे तुम्ही लक्ष्मीकांतसाठी थांबलात, ते तिथून शिकलात का?

२०२३चा महाराष्ट्रभूषण झाला, २०२५ला पद्मश्री झाली. मधल्या काळात, २०२४च्या नोव्हेंबरात, वयाच्या ७७ व्या वर्षी मामांनी 'अशोक मा.मा.' ही मालिका सुरू केली. सेटवर नातवंडांच्या वयाची पोरं, मोबाईलच्या वेगाने बोलणारी. मला माईक मिळाला तर विचारीन, मामा, या पोरांसाठी किती थांबता? तेवढंच थांबता का, पाव सेकंद? आणि हो, जेवायला संगं बसता का, ते आमच्या आण्णांनी विचारलंय.