‘पाच हजार वर्षांची वारली कला’: एका सोयीस्कर दंतकथेविरुद्ध

गेल्या आठवड्यात एका कलाप्रदर्शनात वारली चित्रांखालचा फलक वाचला: ‘पाच हजार वर्षांची प्राचीन आदिवासी कला’. बस्स, एवढेच. शेजारच्या भिंतीवरील तैलचित्रांखाली मात्र चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, सारे तपशील व्यवस्थित होते. एका भिंतीवर व्यक्ती होत्या, दुसरीवर केवळ एक जमात. हा धागा त्या फलकाविरुद्ध आहे.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. आज आपण कागदावर, कापडावर, कलादालनात जी वारली चित्रकला पाहतो ती विसाव्या शतकातील आहे. नेमकेपणाने बोलायचे तर १९७०च्या दशकातील. ती घडवणाऱ्यांची नावे ठाऊक आहेत. तिला ‘प्राचीन’ म्हणणे हा गौरव वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे तिचा इतिहासच पुसला जातो.

आधी त्या पाच हजारांचा हिशेब पाहू. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या शैलाश्रयांत रेखाटलेल्या मानवाकृती आणि वारली चित्रांतील दोन त्रिकोणांचा माणूस यांत साम्य दिसते, म्हणून परंपरा अखंड, असा हा युक्तिवाद. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यातील फट दिसावी. साम्य आढळले म्हणून सातत्य सिद्ध होत नाही. मधल्या सहस्रकांचा दुवा दाखवावा लागतो, आणि तो दाखवण्याची तसदी कोणी घेत नाही.

शिवाय वारली घराची भिंत म्हणजे भीमबेटकाचा खडक नव्हे. कुडाची भिंत, तीवर मातीशेणाचा लेप, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र. पुढच्या लेपाबरोबर ते झाकले जाते, पावसाळ्यात विरते, पुढच्या लग्नात पुन्हा नव्याने काढले जाते. अशी भिंत शतकानुशतके टिकत नाही. मग तिच्या वयाचा आकडा फलकावर इतक्या ठामपणे येतो कोठून?

याचा अर्थ विधीला परंपरा नाही असा नव्हे. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर काढायचा चौक, त्याच्या मध्यभागी पालघट देवी, आणि सोबत धवलेरीची गाणी: हा वारली लग्नविधीचा गाभा आहे. चौकाशिवाय लग्न पूर्ण होत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हे चित्र काढण्याचा मान स्त्रियांचा होता. दोन, ते विधीसाठी होते, विक्रीसाठी नव्हे.

आता ज्या लग्नाभोवती ही कला फिरते, त्या लग्नाची विसाव्या शतकातील किंमत पाहू. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने त्याच्याच शेतावर वेठीने राबायचे. अशा वेठबिगाराला शब्दच होता: लग्नगडी. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली मोठ्या संख्येने जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील तो लढा गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. किमान असायला हवा.

‘निसर्गाच्या कुशीत आनंदाने नाचणारे निरागस आदिवासी’ हे वर्णन तारप्याच्या नाचाच्या चित्राखाली वाचले की मला लग्नगडी आठवतो. काळाच्या बाहेर ढकललेल्या माणसांना कर्ज नसते, जमीनदार नसतो, संपही नसतो. ‘पाच हजार वर्षे’ या शब्दांची खरी सोय ही आहे.

याच तलासरी परिसरातील धामणगावात १९३४च्या सुमारास जिव्या सोमा म्हसे जन्मले. लहानपणीच ते डहाणू तालुक्यातील कळंबीपाड्याला आले. म्हणजे वारल्यांचा उठाव पेटला तेव्हा ते दहाअकरा वर्षांचे होते. त्यांच्या चित्रांतून थेट उठाव शोधण्याचा अट्टहास मी करणार नाही. परंतु हा मनुष्य गुहेतून आला नव्हता, अगदी ठोस अशा इतिहासातून आला होता, एवढे मान्य करायला काय हरकत आहे?

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले. त्याआधी १९६६-६७च्या बिहारमधील दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ते मधुबनीत गेले होते. तेथील स्त्रियांच्या हाती भिंतीऐवजी कागद देण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. डहाणूतही कागद आला. पण येथे कागदावर जो हात सर्वांत मोकळेपणाने चालला तो एका पुरुषाचा होता. विधी नाही, लग्न नाही, तरी जिव्या रोज चित्र काढू लागले. वारली समाजाच्या दृष्टीने ही केवढी मोठी फारकत होती! युरोपात एखाद्याने असे केले की आपण त्याला ‘आधुनिक’ म्हणतो.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र एकदा नीट पाहा (छायाचित्रे सहज सापडतील). जवळजवळ सारा पृष्ठभाग जाळ्याने व्यापलेला. बारीक पांढऱ्या रेषांची वीण पसरत जाते, कोठे दाट, कोठे विरळ, आणि स्थिर पृष्ठभाग पाण्यासारखा हलू लागतो. माणूस त्यात चिमुकला. क्षितिज नाही, दूर-जवळची छटा नाही, पांढऱ्याखेरीज रंग नाही. लग्नचौकात असे चित्र नसते. ही एका माणसाने आयुष्यभराच्या सरावाने घडवलेली चित्रभाषा आहे. मला ती विसाव्या शतकातील भारतीय रेखाटनाच्या शिखरांपैकी एक वाटते. मतभेद असेल तर जरूर मांडा, पण चित्र पाहून.

१९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने ‘मॅजिसियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन भरवले. पाश्चात्त्य आणि पाश्चात्त्येतर कलावंतांना समान पातळीवर, नावानिशी मांडण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यात जिव्या सोमा म्हसे होते. त्या प्रदर्शनावर टीकाही पुष्कळ झाली. शीर्षकातील ‘जादूगार’ हा शब्दच मला खटकतो. तरीही पॅरिसमध्ये जे नाव सन्मानाने आले, ते आपल्याकडच्या फलकावर २०११च्या पद्मश्रीनंतरही येऊ नये?

कोणी म्हणेल, एवढ्याशा आकड्यावरून इतका त्रागा कशाला? कारण त्या आकड्याचे व्यवहारात परिणाम होतात. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या चित्रांवर स्वामित्वहक्क राहतो. जिव्या २०१८ मध्ये निवर्तले; म्हणजे त्यांच्या चित्रांना २०७८ अखेरपर्यंत संरक्षण आहे. पण ‘प्राचीन लोककला’ असे एकदा म्हटले की कप, पडदे, साड्या, भ्रमणध्वनीची आवरणे यांवर काहीही बिनदिक्कत छापता येते, कारण ते ‘कोणाचेच नाही’. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे. तथापि ते नावाला संरक्षण देते. एखाद्याचे विशिष्ट चित्र उचलले गेले तर तेथे चित्रकाराचा हक्कच सांगावा लागतो, आणि त्यासाठी आधी चित्रकार होता हे मान्य करावे लागते.

येथवर मी एका पुरुषाचे नाव पुन्हा पुन्हा घेतले, याची मला जाणीव आहे. ज्या सवाशिणींच्या बोटांतून ही रेषा कागदापर्यंत आली, त्यांची नावे माझ्या वाचनात अपवादानेच आली. कागदाबरोबर बाजार आला, पुरस्कार आले, आणि स्त्रियांची कला बघता बघता पुरुषांच्या नावे नोंदली गेली. हाही विसाव्या शतकाचाच इतिहास आहे. ‘पाच हजार वर्षे’ म्हटले की हा प्रश्न विचारण्याचीच गरज उरत नाही.

त्या दिवशी दालनातील स्वयंसेवकाला मी विचारले, ही चित्रे कोणी काढली? तो अगदी नम्रपणे म्हणाला, “वारली लोकांनी.” चूक त्याची नाही, त्याला तेवढेच सांगितले गेले होते. संयोजकांना मी पत्र लिहिले आहे आणि चित्रकारांची नावे व चित्रांची वर्षे मागितली आहेत. उत्तर आले तर याच धाग्याखाली जोडीन.